पहिला दिवसभराचा ट्रेक: तयारी कोणत्या क्रमानं करायची

दिवसभराच्या पहिल्या ट्रेकला निघणाऱ्या बहुतेकांची तयारी उलट्या क्रमानं होते. आधी फोटो बघून ठिकाण ठरतं, मग बूट आणि सॅक यांची खरेदी, आदल्या रात्री सामान भरायची धावपळ. वेळेचा हिशेब होतो थेट वाटेवर, दुपारचे दोन वाजून गेले आणि माथा अजून दिसत नाही तेव्हा. नवख्यांबरोबर मी बरीच वर्षं चालतो आहे. अडचणीत आलेल्या गटांकडे सामान कमी होतं असं क्वचितच दिसलं. उजेड कमी पडला होता. उजेड संपत आला की घाई होते, आणि घाईत पाय मुरगळतो किंवा वाट चुकते.

म्हणून इथे वेळेचा हिशेब पहिला घेतला आहे आणि बाकी सगळं त्याच्या मागून. हे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. गृहीत धरलेली वाट अशी: मळलेली पायवाट, दोर लागत नाही, बर्फ नाही, उंची समुद्रसपाटीपासून २,५०० मीटरच्या आत. त्याहून वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, त्याची तयारी निराळी.

## टप्पा १: आधी कागदावर वेळ मांडा (सहा ते आठ आठवडे आधी)

वाटेचे दोन आकडे हवेत: एकूण अंतर आणि एकूण चढाई. अंतर सगळेच बघतात. चढाई बघितली तरी चुकीची बघतात, म्हणजे माथ्याच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा करून मोकळे होतात. वाट मध्येच खिंडीत उतरून पुन्हा चढत असेल तर तो चढही धरायचा. परतीच्या वाटेवरचे चढसुद्धा धरायचे.

आता हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. यात थांबणं धरलेलं नाही, आणि चालणारा तंदुरुस्त व सवयीचा मानला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आलेल्या उत्तराची दीडपट करावी आणि थांब्यांचा वेळ वेगळा मिळवावा.

एक उदाहरण घेऊ. जाऊन त्याच वाटेनं परत यायचं आहे, एकूण १४ किलोमीटर, चढाई ९०० मीटर, तीही सगळी जातानाच.

जाताना ७ किलोमीटरचे १ तास २४ मिनिटं आणि चढाईचा दीड तास, मिळून २ तास ५४ मिनिटं. त्याची दीडपट सुमारे ४ तास २० मिनिटं. थांबे ४० मिनिटं. म्हणजे माथ्यापर्यंत ५ तास.

येताना ७ किलोमीटरचे १ तास २४ मिनिटं, दीडपट २ तास ६ मिनिटं. थांबे धरून अडीच तास.

सगळा मिळून साडेसात तासांचा दिवस झाला. सकाळी ७ ला पायथा सोडला तर १२ ला माथा, अडीचला खाली.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा काढा: परत फिरायची वेळ. सूर्यास्त साडेसहाला असेल तर त्याच्या दोन तास आधी, म्हणजे साडेचारला, पायथ्याशी पोचायचं असं ठरवा. उतरायला हिशेबात अडीच तास आहेत, पण दमलेले गुडघे हिशेब पाळत नाहीत. तासभर जास्त धरा, साडेतीन. साडेचारातून साडेतीन तास मागे गेलं की १ वाजतो. दुपारी एकच्या ठोक्याला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी.

ही वेळ घरी, खुर्चीत बसून ठरवायची. वर गेल्यावर डोकं निर्णयाच्या लायक राहत नाही. थकवा असतो, चार जणांचा आग्रह असतो, इतकं चढलो ते वाया कसं घालवायचं ही हळहळ असते.

तपासा: परत फिरायची वेळ कागदावर लिहिली का? बरोबरच्या प्रत्येकानं ती मान्य केली का? एकानंही "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हटलं असेल तर हा टप्पा अजून संपलेला नाही.

## टप्पा २: हिशेबात बसणारी वाट निवडा

पहिल्या खेपेला वर दाखवल्याप्रमाणे मोजलेला दिवस आठ तासांच्या वर जाऊ नये. दहा तासांची वाट "हळूहळू जाऊ" म्हणून सोपी होत नाही. हळूहळू गेलं की ती बारा तासांची होते.

नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. रेषा जितक्या जवळ, तितका चढ उभा. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असेल आणि त्या २ सेंटिमीटरांत पंधरा रेषा असतील, तर एका किलोमीटरात ३०० मीटरचा चढ आहे. असा एखादा तुकडा चालेल. सलग तीन किलोमीटर असं असेल तर पहिल्या ट्रेकसाठी दुसरी वाट शोधा.

मग त्या वाटेनं अलीकडेच जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा. "कसा आहे ट्रेक?" असं विचारलंत तर "मस्त आहे" एवढंच उत्तर मिळेल. विचारायचं ते असं: पाणी नक्की कुठे आहे आणि या महिन्यात असतं का? वाट फुटते त्या जागा कोणत्या? घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-खड्यांचा, उतार किंवा एका बाजूला दरी असलेली अरुंद वाट आहे का? दृष्टिभय, म्हणजे खोल दरी बघून वाटणारी भीती, असलेला माणूस अशा जागी गोठून उभा राहतो, त्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही. ओढा ओलांडावा लागतो का? अर्ध्यातून लवकर खाली उतरायला दुसरी सोय आहे का? परवानगी किंवा प्रवेशाच्या वेळा आहेत का?

इशारा: वेगवान धावपटूनं किंवा रोज त्या डोंगरात जाणाऱ्यानं सांगितलेला वेळ तुमच्या हिशेबात घेऊ नका. "अरे, दोन तासांत वर" हे त्याच्यासाठी खरं असतं.

## टप्पा ३: पाय आणि दम तयार करा

९०० मीटर चढाई म्हणजे नेमकं किती? इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटरचा धरला तर ३०० मजले. दहा मजल्यांची इमारत तीस वेळा. हे घाबरवायला सांगत नाही. सपाट रस्त्यावर रोज चालण्यानं या कामाची तयारी होत नाही, एवढंच सांगायचं आहे.

आठवड्यात तीन दिवस पुरेत. एक दिवस जिने किंवा टेकडी, एक दिवस भरभर चालणं, आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब चाल. ही लांब चाल दीड तासापासून सुरू करून दर आठवड्याला थोडी वाढवायची. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर सॅक घ्या, आधी ३ किलो, मग ट्रेकला जितकं वजन असेल तितकं.

सगळे चढण्याचा सराव करतात आणि उतरण्याचा विसरतात. चढताना दम लागतो म्हणून लक्ष तिकडे जातं. पण मांड्यांची खरी झीज उतारावर होते: पाऊल खाली टेकताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलून धरतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला हेच काम सगळ्यात जड जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होतं ते यामुळे. त्याहून वाईट म्हणजे ट्रेकच्या शेवटच्या दोन तासांत मांड्या थरथरायला लागतात आणि पाऊल हवं तिथे पडत नाही. उपाय सोपा आहे. लिफ्टनं खाली येऊ नका, जिने उतरा, सावकाश, पाऊल न आपटता. शिवाय एका पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या.

ट्रेकच्या दोन आठवडे आधी रंगीत तालीम करा: तेच बूट, तेच मोजे, भरलेली सॅक, आणि मोजलेल्या वेळेच्या निदान दोन तृतीयांश वेळ चालणं, शक्य तितक्या चढ-उतारावर. साडेसातचे दोन तृतीयांश म्हणजे पाच तास. बूट कुठे चावतात, सॅकचा पट्टा कुठे घासतो, तुमचा खरा वेग किती, हे सगळं इथे कळतं. तालमीला दांडी मारली असेल तर ट्रेक पुढे ढकला. शेवटच्या आठवड्यात फक्त हलकं चालणं.

इशारा: हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं आजारपण असेल तर तयारी सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, उन्हात हे महत्त्वाचं ठरतं. दम्याचा पंप सॅकच्या तळाशी नको, हात घातला की मिळेल अशा खिशात हवा. तो कुठे आहे हे सोबतच्या दोघांना माहीत असू द्या.

## टप्पा ४: बूट, मोजे, नखं

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, ट्रेकमध्येही सुजणारच. ट्रेकला घालाल तेच मोजे घालून बघा. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर खाली उतरून बघा: बोटं पुढे आपटली तर तो बूट घेऊ नका. चालताना टाच आत वर-खाली होत असेल तर फोड नक्की.

घोट्यापर्यंतचा उंच बूट हवाच असं नाही. मळलेल्या वाटेवर हलके, चांगल्या पकडीचे आणि पायाला सवयीचे बूट पुरतात. तळाची पकड मात्र बघाच.

कपाटात चार-पाच वर्षं पडून असलेले बूट तसेच काढून नेऊ नका. तळव्यातला फेस आणि चिकटवण नुसत्या दमटपणानंही आतून कुजते, वरून काही दिसत नाही. माझ्या एका सोबत्याचे दोन्ही तळवे माथ्यापासून तासाभराच्या अंतरावर सुटून आले, एकामागून एक. दोरीनं बांधून खाली उतरलो तेव्हा अंधार पडला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला तालमीत बूट घालायला लावतो.

मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. सुती मोजा घामानं भिजतो, ओला राहतो आणि ओली कातडी लवकर सोलवटते. एक सुका जोड सॅकमध्ये. पायाची नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा. आदल्या दिवशी खोलवर कापली तर दुखरी राहतात, वाढलेली ठेवली तर उतारावर काळी पडतात.

तपासा: याच बुटांनी आणि याच मोज्यांनी निदान ४० किलोमीटर चालणं झालं आहे का? नसेल तर नवे बूट घरी ठेवा आणि सवयीचे घाला.

## टप्पा ५: पाणी आणि खाणं

साधारण हवेत तासाला अर्धा लिटर पाणी धरा. कडक ऊन आणि चढ असेल तर पाऊण लिटर किंवा त्याहून जास्त. साडेसात तासांच्या दिवसाला निदान ४ लिटर होतात. वाटेत खात्रीचा झरा नसेल तर हे सगळं पाठीवरून न्यायचं आहे, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. सॅकच्या वजनाचा हिशेब इथूनच सुरू होतो.

दोन चुका नेहमी होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली, पाणी "पुरवून" पिणं: बाटली भरलेली असताना तहान दाबून चालणारे लोक मी बघितले आहेत. पाणी पोटात गेलं तरच उपयोगाचं. दुसरी, भीतीपोटी ढसाढसा नुसतं पाणी पिणं. घामावाटे मीठ जातं, वर नुसत्या पाण्याचा मारा झाला की रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं त्याला आणखी पाणी हवं आहे. म्हणून तहान लागेल तसं, घोट घोट प्या, आणि सोबत खारट काहीतरी खात राहा. ओआरएसची दोन-तीन पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलं असेल तितक्याच पाण्यात कालवा. कमी पाण्यात घट्ट केलं तर फायद्याऐवजी त्रास होतो. लघवीचा रंग फिकट पिवळा असला तर ठीक चाललं आहे. गडद असेल किंवा चार-पाच तासांत लघवीच झाली नसेल तर सावलीत थांबून प्या.

वाटेतलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. गाळून, खळखळ उकळून किंवा शुद्धीकरणाच्या गोळीनं. गोळी टाकल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचंच.

खाण्याबद्दल थोडक्यात: दर तासाला मूठभर. एकदाच पोटभर जेवून पुन्हा चढायला लागलं की जडपणा येतो. सुका मेवा, दाणे, काहीतरी गोड, काहीतरी खारट, जे तुम्हाला सवयीचं आणि पचणारं आहे तेच. नवा पदार्थ ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. एका वेळचं खाणं जास्तीचं ठेवा. ते परत घरी आलं तर तयारी बरोबर होती.

## टप्पा ६: कपडे आणि सॅक

उंची १,००० मीटरनं वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. आपल्या उदाहरणात माथ्यावर पायथ्यापेक्षा सहा अंश कमी, वर वारा, वर घामानं ओला सदरा. गोठणबिंदूच्या बऱ्याच वर, दहा अंशांतसुद्धा, भिजलेल्या आणि दमलेल्या माणसाच्या शरीराचं तापमान धोक्याइतकं खाली जाऊ शकतं. म्हणून एक जाड कपडा न नेता थर न्या: अंगालगत लवकर वाळणारा, त्यावर ऊब देणारा, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा.

सॅकमध्ये या गोष्टी हव्यातच: पाणी, खाणं, वरचे थर, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि त्याचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी, नेहमीची औषधं, कागदी नकाशा, पॉवर बँक, छोटा चाकू, चिकटपट्टी, काडेपेटी, एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी किंवा चकाकी असलेलं आपत्कालीन पांघरूण, आणि कचरा परत आणायची पिशवी.

टॉर्च "आपण तर दुपारीच परत येणार" म्हणून राहून जातो. मोबाइलचा टॉर्च त्याची जागा घेत नाही. तो धरायला एक हात अडकतो, आणि जी बॅटरी मदत बोलवायला लागणार आहे तीच संपते.

पाण्यासह सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं, चार लिटर पाण्यासह थोडं वर गेलं तर चालेल. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यावर, पावसाचा थर सगळ्यात वर. सॅकच्या आत आधी मोठी प्लास्टिकची पिशवी घालून मग सामान भरा. बाहेरचं आवरण पाठीकडून पाणी आत सोडतं. चढवताना आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. भार कमरेवर यायला हवा. खांदे तासाभरात दुखायला लागले तर बहुधा कमरेचा पट्टा सैल आहे.

## टप्पा ७: फोन, नकाशा आणि घरी ठेवायचा कागद

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून तो उघडा, मोठा करून बघा, वाट दिसते का बघा. "डाउनलोड केलाय" म्हणणाऱ्या कित्येकांचा नकाशा वर गेल्यावर कोरा निघतो. जागा दाखवणारी उपग्रहाची यंत्रणा मोबाइलच्या नेटवर्कशिवाय चालते, त्यामुळे दिवसभर फ्लाइट मोड ठेवला तरी तुम्ही नकाशावर कुठे आहात ते बहुतेक फोनमध्ये कळतं. नेटवर्क शोधण्यातच बॅटरी सगळ्यात जास्त संपते.

घरच्या किंवा जवळच्या एका जबाबदार माणसाकडे हा मजकूर लिहून द्या: कोणती वाट, कोण कोण, प्रत्येकाचा फोन नंबर, गाडी कुठे लावली आणि तिचा नंबर, परतायची वेळ, आणि काळजीची वेळ. ही शेवटची लिहायची राहते. परतायची वेळ अडीच असेल तर काळजीची वेळ सात. सातपर्यंत फोन आला नाही तर त्यानं काय करायचं, कोणाला कळवायचं, तेही लिहा. नुसतं "संध्याकाळी येतो" म्हटलं तर घरचे रात्री अकराला विचार करायला लागतात.

इशारा: ऐन वेळी वाट बदलली आणि कळवलं नाही तर हा कागद शोधणाऱ्यांना चुकीच्या डोंगरावर पाठवतो. न कळवता वाट बदलायची नाही.

## टप्पा ८: हवामान, आणि जायचं की नाही

अंदाज तीन वेळा बघा: तीन दिवस आधी, आदल्या संध्याकाळी, निघताना. पायथ्याच्या गावाचा नव्हे, शक्य असेल तर माथ्याच्या उंचीचा. पाऊस किती, यापेक्षा तीन गोष्टींवर निर्णय घ्या: विजा, वारा, आणि ओढ्यांत चढणारं पाणी. दुपारी गडगडाटाचा अंदाज असेल तर पहाटे निघून दुपारच्या आत खाली येणं जमतं का बघा. नसेल तर दिवस बदला.

बरोबरच्यांपैकी कुणाला ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असेल तर त्याला घरी राहू द्या. हे सांगायला संकोच वाटतो. तरी सांगा.

## टप्पा ९: वाटेवर

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे; शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. वीस मिनिटांनी एकदा थांबून बूट, पट्टे आणि कपडे ठाकठीक करा. चालताना किंचित गारवा वाटावा इतकेच कपडे अंगावर ठेवा. थांबलात की लगेच वरचा थर चढवा.

गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढे ठेवा आणि अनुभवी माणसाला शेवटी. नेहमी घडतं ते असं: पुढचे थांबून विश्रांती घेतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचल्याबरोबर पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. शेवटचा माणूस पोचल्यावर विश्रांती मोजायला सुरुवात करा.

वाट फुटते तिथे सगळे जमेपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही. डोकी मोजा. मग मागे वळून बघा, हवं तर फोटो काढा. परत येताना तीच जागा अनोळखी दिसते, आणि उतरण्याच्या नादात समोरची ठळक ढोरवाट खरी वाटते.

पायात कुठे चुरचुरलं तर त्याच मिनिटाला थांबा. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हटलं की तोवर फोड आलेला असतो. मोजा काढा, पाय कोरडा करा, खडा असेल तर झटका, त्या जागेवर चिकटपट्टी गुळगुळीत लावा. पाच मिनिटं जातात आणि पुढचे पाच तास वाचतात.

ओढा गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर ओलांडू नका. पावसात चढलेलं पाणी बऱ्याचदा काही तासांत उतरतं, थांबा किंवा मागे फिरा. कमी पाण्यातून जातानाही कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. बूट काढू नका.

गडगडाट ऐकू आला तर कड्याची धार, माथा आणि एकटं झाड सोडा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. एकमेकांपासून लांब होऊन खालच्या भागात उतरा, उथळ गुहेच्या तोंडाशी बसू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढू नका.

परत फिरायची वेळ झाली की फिरा. वाद घालायचा नाही.

उतरताना लेस घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे सरकणार नाहीत. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. काठी असेल तर ती पाच ते दहा सेंटिमीटर लांब करा. माथा झाला म्हणजे ट्रेक झाला असं समजून सगळे गप्पांना लागतात, आणि घसरणं-मुरगळणं याच भागात होतं. उतारावरही दर तासाला थांबा, खा, पाणी प्या.

## टप्पा १०: बिघडलं तर

वाट चुकली असं वाटलं की जागच्या जागी थांबा. पाणी प्या, नकाशा बघा. शेवटची खात्रीची जागा दहा-वीस मिनिटांच्या आत असेल तर आलेल्या वाटेनं तिथे परत जा. "खाली गेलं की कुठेतरी निघूच" म्हणून ओढ्याच्या पात्रातून उतरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पात्र पुढे कड्यावरून कोसळतं, तिथून वरही येता येत नाही. मागची वाटही सापडत नसेल तर एकत्र बसून राहा, उबदार कपडे चढवा आणि मदत बोलवा.

डोंगरातला मान्य संकेत असा: एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिळेपर्यंत चालू ठेवा. उत्तर मिनिटाला तीन असं येतं. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो, आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसरं एखादं असेल तर त्यावरून लागू शकतो. फोन लागत नसेल तर ओळखीच्या माणसाला एसएमएस पाठवून बघा. क्षीण नेटवर्कमध्येही तो कधी कधी जातो. नकाशावरचे अक्षांश-रेखांश लिहून पाठवा.

उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, त्याच वेळी मदत बोलवा. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सापाचा दंश झाल्यास माणसाला हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा, तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर करा आणि उचलून लवकरात लवकर रुग्णालयात न्या. चिरा देणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही.

## टप्पा ११: खाली आल्यावर

पायथ्याशी पोचल्याबरोबर घरच्या माणसाला फोन करा, आंघोळ-जेवणाच्या आधी. नाहीतर तुम्ही गाडीत झोपलेले असता आणि तिकडे शोधाशोध सुरू होते. पाय धुऊन फोड आणि ओरखडे बघा. काखा, जांघा आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड आहे का तेही. बूट उन्हात किंवा हीटरपुढे न ठेवता आतला तळवा काढून सावलीत वाळवा.

आणि त्याच रात्री वहीत चार वेळांची नोंद करा: निघालो कधी, माथा कधी, माथा सोडला कधी, खाली कधी. त्यातून थांब्यांचा वेळ वजा करा आणि उरलेल्याला नेस्मिथच्या उत्तरानं भागा. आपल्या उदाहरणात ते उत्तर ४ तास १८ मिनिटं आहे. थांबे सोडून तुम्हाला ७ तास लागले असतील तर तुमचा आकडा १.६ आला. पुढच्या वाटेचा कागद मांडताना दीडच्या जागी हा आकडा घ्या.